इंदूरच्या ओल्या भिंतीवरचं लिव्हरवर्ट: शोधणं, ओळखणं आणि घरी जगवणं

लिव्हरवर्ट जगवायचं म्हटलं की लोक आधी झारी उचलतात आणि तिथेच घोटाळा होतो. या वनस्पतीला खरी मुळं नाहीत, पाणी वर चढवणाऱ्या नळ्या नाहीत. जमिनीला चिकटून पसरलेला चपटा हिरवा देह, म्हणजे थॅलस, अंगभर पाणी शोषतो आणि अंगभरच गमावतो. झाडाच्या पानावरची छिद्रं पाणी कमी पडलं की मिटतात. थॅलसच्या पाठीवरची छिद्रं तशी घट्ट मिटत नाहीत. त्यामुळे पाणी किती दिलं याला फारसा अर्थ नाही, ते किती वेळात उडून गेलं हे बघायचं. जागा शोधण्यापासून कुंडी ठेवण्यापर्यंत पुढचं सगळं याच हिशोबावर चालतं.

मालव्यात हा हिशोब अवघडच. इंदूरला वर्षाकाठी साधारण ९५ सेंटीमीटर पाऊस पडतो, पण तो बहुतेक सगळा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. मग आठ महिने कोरडी हवा, आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. महाबळेश्वरला भिंत हिरवी झाली तर कोणी वळून बघत नाही. आपल्याकडे अशी भिंत मुद्दाम शोधावी लागते, आणि सापडली की ती तिथेच का, हेही लक्षात येतं.

कोणतं लिव्हरवर्ट धरायचं

जगात लिव्हरवर्टच्या ७,००० च्या आसपास जाती आहेत. अकरावीच्या पुस्तकातून रिक्सिया आणि मार्केंशिया ही दोनच नावं डोक्यात राहिलेली असतात. माझं म्हणणं, सुरुवात प्लॅजिओकाझ्मापासून करावी. प्लॅजिओकाझ्मा अपेंडिक्युलेटम ही जात भारतात हिमालयापासून सह्याद्रीपर्यंत खडकांवर आणि भिंतींवर आढळते, आणि तिचा मोठा गुण म्हणजे ती बहुवर्षायू आहे. वाळते, पण मरत नाही. आपल्यासारख्या हवेत नवशिक्याला हाच गुण तारून नेतो.

रिक्सिया त्या मानाने पावसाळी पाहुणी. जुलैत ओल्या मातीवर, पायवाटेच्या कडेला, कुंड्यांच्या मातीत तिच्या रुपयाएवढ्या गोल चकत्या दिसू लागतात. तिचे बीजाणू थॅलसच्या पोटातच तयार होतात आणि थॅलस कुजला की मातीत मोकळे होतात. बहुतेक जातींचा खेळ माती वाळली की संपतो. बघायला छान, पण वर्षभर सांभाळायला नाही. मार्केंशियाकडे पुढे येऊच, तिची गोष्ट वेगळी आहे.

शोधायला कधी आणि कुठे

पाऊस सुरू झाल्यावर लगेच धावू नका. पहिल्या सरींनंतर सगळंच हिरवं दिसतं आणि त्यात शैवालच जास्त असतं. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरची सुरुवात हा खरा काळ. विशेषतः पाऊस उघडून चार-पाच दिवस झाल्यावर बाहेर पडा. तेव्हाही जी भिंत हाताला गार आणि ओलसर लागते, तीच आपली भिंत.

उत्तरेकडच्या भिंतीवर शोधा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. युरोपातल्या माणसासाठी ते बरोबर आहे. इंदूर मात्र कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला, साधारण २२.७ अंशांवर आहे. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीपासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा इथे डोक्यावरून थोडा उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्याच्या सगळ्या महिन्यांत सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या भिंतीवर येतंच. मग उत्तर बाजू फुकाची का? तर नाही. जूनअखेर ढग येतात, आणि सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत उत्तरेच्या भिंतीला थेट ऊन लागत नाही. पाऊस थांबल्यावर ओल टिकवण्याचं काम ती नेमकं त्याच महिन्यांत करते. तेव्हा उत्तरेची भिंत धराच, पण पूर्व-पश्चिमेला तिला झाडाचा, जिन्याचा किंवा शेजारच्या घराचा आडोसा आहे का तेही बघा. उघड्यावरची उत्तर भिंत आणि आडोशाची उत्तर भिंत यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

शहरात जुन्या वाड्यांचं परस, विहिरीचा कठडा आतल्या बाजूने, बावडीच्या पायऱ्यांचे उभे चेहरे, पुलियाच्या आतली दगडी बाजू, बागेतल्या हौदाचा तळाकडचा भाग, एवढ्या जागा आधी तपासा. चुन्यात बांधलेली जुनी भिंत सिमेंटच्या गिलाव्यापेक्षा उजवी: ती पाणी पिते आणि हळूहळू सोडते. न्हाणीघराच्या मोरीजवळ मात्र वेळ घालवू नका. ओल भरपूर असते, पण साबण आणि फिनेल तिथे काही टिकू देत नाहीत. त्यातून आपलं शहर २०१७ पासून सलग बरीच वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलेलं. घासून-पुसून रंगवलेल्या भिंती नजरेला कितीही बऱ्या वाटल्या, तरी या छंदाच्या माणसाने दुर्लक्षित गल्लीबोळच धुंडाळावेत.

शहराबाहेर महूच्या पुढे पठार संपून घाट उतरायला लागतो, तिथे काळ्या पाषाणाच्या कपारी आहेत. पातालपाणी इंदूरहून सुमारे ३५ किलोमीटर. चोरलचं खोरं आणि जानापावची उतरण त्याच बाजूला. धबधब्याच्या थेट फवाऱ्यात उभं राहून काही मिळत नाही, तिथला दगड धुऊन निघालेला असतो. बाजूच्या कपारी बघा, जिथे पाणी वाहत नाही पण झिरपतं, आणि जिथे दगडाच्या फटीत बोटभर माती धरली आहे. आणि नदीच्या पात्रात उतरायचं नाही, म्हणजे नाही. २०११ च्या जुलैत पातालपाणीला एकाएकी वाढलेल्या पाण्यात माणसं वाहून गेली. वर पाऊस पडत असेल तर खाली उन्ह असूनही पाणी येतं.

ओळखताना

दहापट मोठं दाखवणारं भिंग गळ्यात हवं. ते नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळून चालतो, पण भिंगाची सर नाही.

प्लॅजिओकाझ्माचा थॅलस फितीसारखा सपाट, बोटाच्या नखाएवढा रुंद, दोन-तीन सेंटीमीटर लांब. टोकाला एक खाच असते आणि तिथून तो दोन फाट्यांत विभागतो. पुढे प्रत्येक फाटा पुन्हा दोनांत. ही खाच लक्षात ठेवा, वाढीचा कोंब तिच्या तळाशी दडलेला असतो आणि कुंडीत लावताना त्याचंच काम पडणार आहे. वरून रंग निळसर छटेचा हिरवा, कडेला जांभळी किनार.

खरी खूण खाली आहे. ओल्या बोटाने एक कड अलगद उचला आणि भिंग डोळ्याला लावून त्या कडेजवळ न्या. मधोमध पांढुरक्या केसांचा पुंजका दिसेल, हे मूलाभ. त्यांच्या दोन्ही बाजूंना जांभळ्या खवल्यांची एकेक रांग, खवले एकमेकांवर चढलेले, आणि प्रत्येकाच्या टोकाला फिकट रंगाची गोलसर पुरवणी, तिच्या बुडाशी किंचित आवळलेली. वरून साधी दिसणारी ही वनस्पती उलटली की एवढी नटलेली असते, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला खरं वाटत नाही. सूक्ष्मदर्शक मिळालाच तर एक मूलाभ पाण्याच्या थेंबात ठेवून बघा: काही गुळगुळीत नळ्या असतात, काहींच्या आतल्या भिंतीला बारीक खुंट्या.

पावसाळा सरता सरता थॅलसच्या पाठीवर मध्यरेषेतून आखूड देठ वर येतो आणि त्यावर दोन-चार पाकळ्यांचा छोटा गोळा दिसतो. ही मादी रचना. देठ टोकातून न येता पाठीतून येतो, हीच प्लॅजिओकाझ्माची पक्की खूण. तिच्याच कुळातल्या अ‍ॅस्टेरेलात देठ टोकाशी असतो आणि बोंडाखाली, म्हणजे बीजाणूंच्या पिशवीखाली, पांढरी झालर लोंबते.

गफलत होण्यासारखं बरंच काही त्याच भिंतीवर असतं. हिरवा बुळबुळीत थर म्हणजे शैवाल, बोटाने पुसला जातो. बारीक पानांची मखमल म्हणजे मॉस. करडा, चामड्यासारखा कडक तुकडा असेल तर तो दगडफुलाच्या जातकुळीचा, म्हणजे गोडा मसाल्यात पडतं ते. त्याचं या वनस्पतींशी नातं नाही. मातीवर गडद हिरव्या चकतीतून उभी शिंगं निघालेली दिसली तर ती अँथॉसिरॉस. सगळ्यात फसवा असतो नेच्याचा बाळ-अवतार. विहिरीच्या भिंतीवर हंसराज वाढत असेल तर त्याच्या शेजारी नखाहून लहान, हृदयाच्या आकाराची, इतकी पातळ की उजेड आरपार जाईल अशी हिरवी चकती दिसते. तिला खाली जांभळे खवले नसतात आणि पाठीवर छिद्रंही नसतात. खवले बघितल्याशिवाय नाव ठेवू नका.

आणायचं किती आणि कुठून

अभयारण्यातून काही उचलायचं नाही. रालामंडल घराजवळ आहे म्हणून तो अपवाद होत नाही. मांडूसारख्या संरक्षित वास्तूच्या भिंतीला नखसुद्धा लावू नका. तिथे बघा, फोटो काढा, परत या. तुमच्याच परसात, ओळखीच्या वाड्यात घरमालकाला विचारून, किंवा पाडकामाला आलेल्या भिंतीवर मिळालं तर घ्या. पाडकामाची जागा सगळ्यात उत्तम, कारण तिथलं नाहीतरी जाणारच असतं.

तळहाताएवढ्या पट्ट्यातून दोन-तीन फाटेच पुरतात. सुरीने खरवडू नका, मूलाभ तुटतात. लोण्याची सुरी किंवा जुनं स्टीलचं फूटपट्टीचं टोक थॅलसखाली मातीसकट सरकवून पापुद्रा उचला. ओल्या वर्तमानपत्रात सपाट ठेवून डब्यात घाला. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी शिंपडून गाडीच्या डिकीत ठेवलेलं लिव्हरवर्ट घरी पोचेपर्यंत उकडून निघतं.

परळ तयार करणं

मातीचं पसरट परळ घ्या, तळाला भोक असलेलं. प्लास्टिकची कुंडी चालते, पण मातीचं भांडं स्वतः पाणी धरतं आणि हळूहळू सोडतं, म्हणून तेच बरं. तळाला बारीक खडी. वर मिश्रण: दोन वाटे विटेचा चाळलेला चुरा, एक वाटा नदीची बारीक वाळू, एक वाटा बागेतली माती. आपली काळी माती एकटी वापरू नका. ओली असताना चिकट होते आणि वाळली की भेगाळते, आणि भेग पडली की तिच्यावर पसरलेल्या थॅलसचेही दोन तुकडे होतात. शेणखत, गांडूळखत, कोकोपीट यातलं काही नको. खत घातलं की आधी शैवाल फोफावतं आणि मग मॉस, आणि दोघं मिळून थॅलसला झाकून टाकतात.

मिश्रण परळात भरून त्यावर उकळतं पाणी ओता आणि झाकून थंड होऊ द्या. तणांचं बी, गोगलगायीची अंडी, बुरशी, बरंच काही यात जातं. पृष्ठभाग थापून सपाट करा. थॅलसखाली पोकळी राहिली तर मूलाभ हवेत लोंबतात.

आता फाटे मांडा. खाच असलेलं टोक पुढे, जांभळी बाजू खाली. मागचा जुना तपकिरी भाग कापून टाकला तरी हरकत नाही. निसर्गातही तो मागून कुजत येतो, कूज फाट्यापर्यंत पोचली की एका रोपाची दोन होतात. बोटाने हलकेच दाबा, वर फवारा मारा आणि परळावर काचेचा तुकडा ठेवा, एका बाजूने बोटभर फट सोडून. फट विसरलात तर बुरशी येते.

पाणी

पावसाचं पाणी पहिल्या पसंतीचं. पागोळीखाली पिंप ठेवून भरून घ्या, पहिल्या सरीचं सोडून द्या. ते संपलं की नळाचं नर्मदेचं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवून वापरा, म्हणजे क्लोरीन बरंचसं उडून जातं. बोअरवेलचं जड पाणी टाळा; महिना-दोन महिन्यांत मातीवर पांढरा थर धरतो आणि थॅलसच्या कडा करपतात. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी त्याहून वाईट, क्षार त्यातच साठलेले असतात. तांब्याच्या भांड्यातलं पाणी माणसाने खुशाल प्यावं, याला घालू नये. तांबं या वनस्पतींना बाधतं, म्हणून बागेत बोर्डो मिश्रण फवारतानाही परळ दूर न्यायचं.

पाणी वरून ओतायचं नाही. परळ एका थाळीत ठेवा, थाळीत सकाळी अर्धा सेंटीमीटर पाणी घाला, ते परळ स्वतः ओढून घेतं. संध्याकाळपर्यंत थाळी कोरडी झालेली हवी. पाणी तसंच उभं असेल तर दुसऱ्या दिवशी घालू नका. वरून फवारा फक्त हवा फार कोरडी असेल तेव्हा, आणि तोही सकाळी.

उजेड भर दुपारी दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येईल एवढा. जिन्याखालची जागा, उत्तरेच्या खिडकीची कड, गॅलरीतल्या मोठ्या कुंड्यांची सावली यांपैकी काहीही. थेट ऊन अर्धा तासही नको. काचेखाली तेवढ्यात भट्टी होते.

काय बिघडलंय ते कसं कळतं

दोन-तीन आठवड्यांनी सुईच्या टोकाने थॅलस हलवून बघा. सरकला नाही, म्हणजे मूलाभ धरले. नवी वाढ फिकट, पोपटी रंगाची आणि खाचेच्या दोन्ही बाजूंनी येते. ती अरुंद होऊन वर उचलली जात असेल तर उजेड कमी पडतोय. कडा तपकिरी आणि कुरकुरीत असतील तर हवा कोरडी, काच सरकवून फट थोडी कमी करा. मधला भाग काळा आणि मऊ पडत असेल तर पाणी साचतंय. काच काढा, थाळी रिकामी ठेवा, काळा भाग कापून फेका. पांढरे तंतू दिसले तर तो तुकडा आजूबाजूच्या मातीसकट उचलून टाका, औषध मारत बसू नका.

किडी फारशा लागत नाहीत. लिव्हरवर्टच्या पेशींत तेलाचे बारीक गोळे असतात, आणि त्यांतली रसायनं खाणाऱ्यांना रुचत नाहीत. काही जाती चुरगळल्या तर उग्र वास येतो तो त्यामुळेच. गोगलगाय मात्र रात्री परळावरून फिरून नवे कोंब मोडते, तिला हाताने उचलायचं. मुंग्या खालची माती पोखरतात. थाळीत पाणी असतं तोवर तेच त्यांना अडवतं.

हिमाचलात कांगड्याच्या बाजूचे गद्दी लोक प्लॅजिओकाझ्मा वाटून भाजल्यावर आणि फोडांवर लावतात, अशी नोंद आहे. घरी प्रयोग करू नका. जखमेवर माती चोळण्याची हौस कशाला?

मार्केंशियाबद्दल

मार्केंशिया शोधायची तर डोंगरापेक्षा रोपवाटिका बरी. थंड हवेच्या ठिकाणाहून आलेल्या नेच्यांच्या, ऑर्किडच्या कुंड्यांत ती बरेचदा चोरून येते. पाठीवर षटकोनी जाळी, प्रत्येक घरात एक ठिपका, आणि मध्येच दातेरी काठाच्या हिरव्या वाट्या. वाटीत चपट्या हिरव्या टिकल्या असतात, पावसाचा थेंब वाटीत पडला की त्या उडून दूर जातात. ओल्या रंगाच्या ब्रशने एक टिकली उचलून मातीवर ठेवा, काही आठवड्यांत थॅलस दिसतो. इतकं सोपं दुसरं काही नाही. नर आणि मादी रोपं वेगळी असतात, दोघांच्या छत्र्या निराळ्या: नराची चकतीसारखी, मादीची बोटं पसरल्यासारखी. शुक्रपेशी पाण्याच्या थरातून पोहत जातात, म्हणून या सगळ्यांना वनस्पतीसृष्टीचे उभयचर म्हणतात. मार्केंशिया पॉलिमॉर्फाचा संपूर्ण जीनोम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आज ती प्रयोगशाळांची लाडकी आहे.

घरात मात्र ती वाळणं सोसत नाही, शिवाय शेजारच्या प्रत्येक कुंडीत पसरते. रोपवाटिकावाले तिला तण म्हणून उपटतात ते उगाच नाही. प्लॅजिओकाझ्माच्या परळापासून हातभर नव्हे, चांगली दोन-तीन हात लांब ठेवा.

दिवाळीनंतर

इथे खरी कसोटी लागते. ऑक्टोबर संपला की फवारे वाढवून, काच बंद करून पावसाळा ओढत नेण्याचा मोह होतो. तो आवरा. थाळीतलं पाणी आधी दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, मग एकदा असं कमी करत डिसेंबरात थांबवा. वाळणं सावकाश झालं पाहिजे. अचानक वाळलेला थॅलस पुन्हा उठेलच असं नाही. दोन्ही कडा आत वळून त्याची सुरळीच्या वडीसारखी गुंडाळी होते आणि बाहेरून फक्त जांभळे-काळे खवले दिसतात. खवले वर आल्याने आतला हिरवा भाग झाकला जातो. घरातली माणसं हे मेलं म्हणून फेकायला निघतील, त्यांना आधीच सांगून ठेवा.

जानेवारीत मावठं झालं तर परळ एक दिवस बाहेर ठेवायला हरकत नाही. गुंडाळ्या उलगडतात. पण मग पुन्हा तसंच सावकाश वाळू द्या. मार्च ते जून परळ घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात, कोरडं. पाण्याचा थेंब नाही. उन्हाळ्यात गरम मातीला ओल मिळाली की थॅलस कुजतो. जूनअखेर दोन-तीन चांगल्या सरी होऊन हवा गार झाली की परळ पागोळीपासून लांब, आडोशाला बाहेर काढा आणि थाळीत पाणी घालायला लागा. जुने तुकडे सगळेच उठणार नाहीत. टोकं उठली की पुरे.

नमुना जपायचा तर

नाव पक्कं करून घ्यायचं असेल तर देठ आणि बोंडं असलेला एखादा फाटा वाळवा. फुलझाडांसारखा दाबायचा नाही, दाबला की खवल्यांची रचना मोडते. माती झटकून सावलीत वाळवा आणि साध्या कागदाची चार घड्यांची पुडी करून त्यात ठेवा. भिजवला की तो बऱ्यापैकी पूर्ववत उलगडतो, त्यामुळे जुना नमुनाही तपासता येतो. लाहोरला शिवराम कश्यप (१८८२-१९३४) यांनी भारतीय लिव्हरवर्टच्या अभ्यासाचा पाया घातला, तेव्हापासून पुडीची हीच रीत चालत आली आहे.

पुडीवर पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते: तारीख, गाव आणि नेमकी जागा, कशावर होतं (चुन्याची भिंत, काळा पाषाण, माती), भिंतीचं तोंड कोणत्या दिशेला, आडोसा कशाचा, शेजारी काय वाढत होतं. नुसतं ‘इंदूर, पावसाळा’ लिहिलेल्या पुडीचा कोणालाच उपयोग नाही. होळकर विज्ञान महाविद्यालय १८९१ पासूनचं आहे आणि तिथे वनस्पतिशास्त्र शिकवतात. तिथल्या प्राध्यापकांकडे जाताना ही पुडी, उलट्या बाजूचा स्वच्छ फोटो आणि बोंडाचा जवळून काढलेला फोटो, तिन्ही बरोबर न्या. जागेवरच्या नुसत्या वरच्या फोटोवरून जात सांगता येत नाही.